चंडोलची चढाई : आमच्या टेबलावरच्या मंकचं लढाईतलं काम तपासताना

रविवार, २५ मे २०२५. नवतपाचा पहिला दिवस. दुपारभरात कूलरमध्ये दोनदा पाणी भरलं होतं, आणि डंजन्स अँड ड्रॅगन्समधला माझ्या मावसभावाचा मंक, म्हणजे काठीनं आणि रिकाम्या हातांनी लढणारा भिक्षू, सलग चौथ्या खेळात बेशुद्ध होऊन पडला. त्यानं काही न बोलता फासे पिशवीत भरले. निघताना दारात म्हणाला, "ताई, मी हे कॅरेक्टर सोडून राहिलो."

"काहून?"

"मरतेच ना दरवेळी. मंकचा काही उपयोगच नाही लढाईत."

आम्ही पाच जण नागपूरच्या प्रतापनगरात दर रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. हा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला, आता त्याची पाचवी आवृत्ती चालू आहे. एक जण डीएम, म्हणजे गोष्ट आणि राक्षस सांभाळणारा. बाकीच्यांचं एकेक कॅरेक्टर, आणि प्रत्येक कॅरेक्टरचा एक क्लास, म्हणजे पेशा. शेजारचे काका फायटर खेळतात, वहिनी मंत्रवाली क्लेरिक, मी धनुष्यवाली रोग (rogue, म्हणजे लपूनछपून मारणारी) आणि मावसभाऊ मंक. चंडोल हे नाव त्याने स्वतः ठेवलंय. वीस वर्षांच्या मुलानं दीड वर्ष जपलेलं कॅरेक्टर असं सोडून द्यावं, हे मला रात्रभर लागून राहिलं.

दुसऱ्या दिवशी डीएमला फोन केला. मंकला काहीतरी वाढवून द्या, असं सगळ्यांचंच म्हणणं होतं. तो म्हणाला, "वाढवतो. पण आधी तो कुठं कमी पडतो ते मला कागदावर दाखव. अंदाजानं नियम बदलले तर उद्या फायटर येईल माझ्याकडे." मी दिवसभर इतवारीत एका पेढीवर हिशेबाच्या वह्या बघते, त्यामुळे हे काम माझ्या गळ्यात पडणार हे उघड होतं. आमच्यासारखंच एखादं टेबल याच प्रश्नावर अडलं असेल, तर आमचे साडेतीन महिने त्यांच्या कामी यावेत म्हणून हे सगळं लिहितेय.

पहिली अडचण जागेची. आतापर्यंत आमच्याकडेच खेळायचो, पण जूनमध्ये सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि घरात चार तास आरडाओरडा चालणार नव्हता. आमच्या सोसायटीचा छोटा हॉल अर्ध्या दिवसाला २०० रुपये घेतो, वर ५०० रुपये अनामत. २ जूनला अर्ज दिला. चौथ्या दिवशी सेक्रेटरींचा फोन आला, "अर्जात फासे लिहिले आहेत. पैशांवर खेळता का?" मला आधी वाईट वाटलं, मग त्यांच्या बाजूनं विचार केला. त्यांना तरी कसं कळणार? मी दुसरा अर्ज दिला. त्याला एक भरलेली कॅरेक्टर शीट जोडली, पाचही जणांची नावं, वयं आणि फ्लॅट नंबर लिहिले, वेळ दुपारी २ ते ६ अशी टाकली आणि पैशांचा कोणताही व्यवहार होणार नाही हे वेगळ्या ओळीत लिहिलं. कमिटीची सही ११ जूनला मिळाली. तुम्ही हॉल घेणार असाल तर पहिल्याच अर्जाला शीट जोडा, काही दिवस वाचतील.

परवानगीची वाट बघण्याच्या नऊ दिवसांत तयारी झाली. आम्ही २०१४ च्या नियमांनी खेळतो. मूळ नियमांचा मोठा भाग २०२३ च्या जानेवारीत क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत खुला झाला. ती फाइल साधारण चारशे पानांची आहे, सगळी छापायची काहीच गरज नाही. मंकची पानं, लढाईचं प्रकरण आणि हवे तेवढे राक्षस एवढंच काढलं. झेरॉक्सवाल्याकडे साठ पानांचे १२० रुपये आणि स्पायरलचे ४०. नकाशासाठी फ्लेक्सवाल्याला एक इंचाच्या चौकटींची फाइल दिली, चार बाय तीन फुटांचे १८० रुपये झाले. एक इंच म्हणजे पाच फूट. फ्लेक्सवर व्हाइटबोर्डचं मार्कर पुसलं जातं, पण तासाभराच्या आत पुसा, नाहीतर डाग राहतो. राक्षस म्हणून कॅरमच्या सोंगट्या. फाशांचे दोन संच ४५० रुपयांत मागवले, कुरिअरला आठ दिवस लागले.

डीएमनं एक गोष्ट फार चांगली केली. आपण तपासणी करतोय हे माहीत असल्यावर नकळत मंकवर दया येईल किंवा उलट जास्त मार बसेल, म्हणून त्याने दहा खेळांचे राक्षस आधीच ठरवून दहा पाकिटांत बंद केले आणि पाकिटं वहिनींकडे ठेवली. खेळाच्या दिवशी त्यांनी फोडायची.

मग कागदावरचा हिशेब. चंडोल पाचव्या लेव्हलचा वुड एल्फ. डेक्स्टेरिटी, म्हणजे चपळाई, १८, विझ्डम १६, म्हणून चिलखत न घालता एसी १७. एसी म्हणजे फटका लागायला समोरच्याला गाठावा लागणारा आकडा. हिट पॉइंट, म्हणजे जीव, ३३. हल्ल्याला वीस बाजूंच्या फाशावर पडेल त्यात अधिक ७. समोरच्याचा एसी १५ धरला तर फाशावर ८ किंवा वर पडायला हवं, म्हणजे वीसपैकी तेरा वेळा, ६५ टक्के. दोन्ही हातांनी धरलेल्या काठीचा फटका डी-८, म्हणजे आठ बाजूंचा फासा, अधिक ४. लागण्याची शक्यता आणि क्रिट (२० पडले की माराचे फासे दुप्पट) धरून एका फटक्याची सरासरी ५.७५, दोघांची साडेअकरा. वर बोनस अॅक्शनचा, म्हणजे पाळीतल्या जादा छोट्या कृतीचा, रिकाम्या हाताचा ठोसा ५.०५. एकूण १६.५५. की म्हणजे मंकची मोजून मिळणारी खास शक्ती. एक की पॉइंट खर्चून फ्लरी ऑफ ब्लोज घेतली की ठोसे दोन होतात आणि बेरीज २१.६ वर जाते.

काकांचा फायटर मोठी तलवार चालवतो, दोन डी-६ अधिक ४, शिवाय १ आणि २ पडले तर फासा पुन्हा टाकायची त्याची शैली. त्याची दोन फटक्यांची सरासरी १६.९ च्या आसपास येते.

हा आकडा मी तीनदा तपासला. की न वापरताही मंक फायटरच्या जवळपास मारत होता, वापरून तर पुढेच होता. अकराव्या लेव्हलला फायटरला तिसरा हल्ला मिळतो तेव्हा चित्र बदलतं, पण आम्ही पाचवर होतो. मग चंडोल निरुपयोगी का वाटत होता? कागदावर याचं उत्तर नव्हतं.

१५, २२ आणि २९ जून हे पहिले तीन खेळ मी फक्त मार मोजला. कोणाच्या पाळीला किती हिट पॉइंट गेले, एवढाच एक रकाना. या तीन खेळांच्या नोंदी पुढे जवळजवळ काहीच कामाला आल्या नाहीत. मंक आणि फायटर बरोबरीत चालले होते, तरी चंडोल तीनपैकी दोनदा पडला. २९ जूनला तो दोन ओगर राक्षसांच्या मधोमध उभा होता. ओगरच्या हल्ल्याला अधिक ६, फटका सरासरी १३. एसी १७ ला तो निम्म्या वेळा लागतो. तीन फटके आणि ३३ हिट पॉइंट संपले. मावसभाऊ शीटकडे बघत बसला होता आणि मला वाटून गेलं की मी हे सगळं करून त्याची फजिती आणखी नीट लिहून ठेवतेय की काय.

६ जुलैला पावसामुळे खेळ झाला नाही. १३ तारखेचा साधा गेला. २० जुलैचा खेळ मात्र जसाच्या तसा सांगते.

पाकिटातून निघालं : दोन ओगर आणि एक जादूगार. पूल, पुलावर ओगर, पलीकडे सत्तर फुटांवर जादूगार. या जादूगाराकडे फायरबॉल असतो, आठ डी-६, सरासरी २८. आम्ही तिघं पुलाच्या तोंडाशी एकाच चौकटीच्या अंतरावर. चंडोलची पाळी जादूगाराच्या आधी होती. त्याचा वेग ४५ फूट. त्याने एक की खर्चून स्टेप ऑफ द विंड घेतलं, वेग ९० झाला, ओगरच्या हाताबाहेरून कठड्याच्या कडेनं निघून तो थेट जादूगाराच्या पुढ्यात. पहिला फटका : ९ पडले, अधिक ७, सोळा. जादूगाराचा एसी १५. लागला असं आम्ही म्हणतोय तोवर जादूगारानं शिल्डचा मंत्र वापरला, एसी वीस, फटका वाया. काकांनी कपाळावर हात मारला. दुसरा फटका : १७ पडले, चोवीस. मार सात. मावसभावानं दुसरी की टेबलावर ठेवली, "स्टनिंग स्ट्राइक." म्हणजे फटका लागलेल्याला सुन्न करायचा डाव. त्यातून वाचायला जादूगाराला कॉन्स्टिट्यूशनवर, म्हणजे अंगाच्या दमावर, १४ हवे होते, आणि त्याला तिथे काहीच अधिक नसतं. पडले ११.

जादूगाराची पाळी आली आणि डीएम नुसता म्हणाला, "पुढे."

मी रकान्यात लिहिलं : मंक ७. खालच्या ओळीत : फायटर २५. आणि पेन तिथेच थांबलं. कारण त्या सातच्या बदल्यात आम्हा तिघांवर पडणारा फायरबॉल पडला नव्हता. शिल्डमध्ये त्याची रिअॅक्शन, म्हणजे दुसऱ्याच्या पाळीत करता येणारी एक कृती, आधीच गेली होती आणि आता तो सुन्न होता, म्हणून वहिनींच्या मंत्राला तो काउंटरस्पेलनं तोडू शकत नव्हता. सुन्न झालेल्यावर हल्ला अॅडव्हान्टेजनं होतो, म्हणजे दोन फासे टाकून मोठा धरायचा, त्यामुळे माझे बाण दोन फाशांनी सुटले आणि स्नीक अटॅकचा जादा मार बसला. हे सगळं फायटरच्या आणि माझ्या खात्यात जमा होत होतं. मंकच्या नावावर सात. पेढीवर असं कोणी लिहिलं असतं तर मी ती वही परत पाठवली असती.

त्या रात्री तक्ता नव्यानं आखला. दिलेल्या माराच्या शेजारी शत्रूच्या बुडालेल्या पाळ्या, दुसऱ्यांना मिळवून दिलेला अॅडव्हान्टेज, शिल्लक की, आणि पाळी संपताना चंडोल कुठे उभा आहे. तुम्ही कोणताही क्लास तपासत असाल तर माराचा एकच रकाना ठेवू नका. नोंद प्रत्येक पाळीनंतर लगेच, एका ओळीत करा. खेळ संपल्यावर लिहायला बसलात तर फक्त क्रिट आठवतात. आणि ज्याचं कॅरेक्टर आहे त्याला लिहायला लावू नका, तो लिहिण्याच्या नादात खेळत नाही.

"कुठे उभा आहे" हा रकाना सगळ्यात बोलका निघाला. २७ जुलैच्या खेळानंतर मी मावसभावाला पाच नकाशांचे फोटो दाखवले. प्रत्येकात चंडोल शत्रूंच्या घोळक्यात एकटा. तो शाळेत कबड्डी खेळलाय. फोटो बघता बघता म्हणाला, "ताई, मी चढाई करतो अन् परत येतच नाही. तिथंच उभा राहतो."

यापेक्षा नेमकं आमच्यापैकी कोणाला सांगता आलं नसतं. आम्ही सगळे त्याला कोपरा सांभाळायला लावत होतो, कारण काकांचा फायटर तेच करतो आणि दोघांचाही एसी १७ आहे. पण काकांचे हिट पॉइंट ४४, वर थोडे भरून घ्यायला सेकंड विंड. मंकचं अंग त्या कामाचं नाही. त्यानं आत जायचं, एकाला हात लावायचा आणि मध्यरेषेकडे परतायचं. परतायची सोय नियमात आहेच. एक की देऊन स्टेप ऑफ द विंडनं डिसएंगेज करता येतं, म्हणजे मागून फटका न खाता निघता येतं. अडकलाच तर पेशन्ट डिफेन्स घेता येतो, मग ओगरचा फटका लागण्याची शक्यता ५० वरून २५ टक्क्यांवर येते. दीड वर्षात त्यानं पेशन्ट डिफेन्स एकदाही वापरला नव्हता. "की मारायसाठी ठेवतो ना मी," त्याचं म्हणणं.

की ठेवायची वेळ त्याच्यावर का येत होती, ते ३ ऑगस्टला समजलं. पाचव्या लेव्हलला की पाचच, आणि शॉर्ट रेस्टमध्ये, म्हणजे कथेतल्या तासाभराच्या विश्रांतीत, सगळ्या परत येतात. डीएमसाठीच्या २०१४ च्या पुस्तकात कथेतल्या एका दिवसात सहा ते आठ मध्यम किंवा कठीण लढाया आणि मध्ये साधारण दोन शॉर्ट रेस्ट धरलेले आहेत. म्हणजे मंकला दिवसाला पंधरा की. मी जुन्या नोंदी उलटून बघितल्या. आमच्या दिवसात एकच मोठी लढाई असायची, फार तर दोन, आणि शॉर्ट रेस्ट शून्य. "तासभर थांबलो तर राक्षस पळून जातील" असं आम्हीच म्हणायचो. वहिनींची क्लेरिक दिवसभराचे मंत्र एकाच लढाईत ओतायची आणि चंडोल तिसऱ्या राउंडला रिकामा व्हायचा. मंक कमकुवत आहे असं आम्ही म्हणत होतो, त्यातला मोठा वाटा आमच्या खेळायच्या सवयीचा होता. हे वाचून दाखवताना मला जरा अवघड गेलं, कारण विश्रांतीला सगळ्यात जास्त विरोध माझाच असायचा.

१० ऑगस्टला डीएमनं पाकिटातले तेच राक्षस तीन लहान लढायांत वाटले आणि मध्ये दोन शॉर्ट रेस्ट दिले. चंडोलनं बारा की वापरल्या आणि एकदाही पडला नाही. याच दिवसापासून आम्ही की म्हणून पाच चिंचोके त्याच्यासमोर ठेवायला लागलो. शीटवर खोडत बसण्यापेक्षा हे बरं, सगळ्या टेबलाला दिसतं आणि कोणीतरी आपणहून म्हणतं, "एकच राहिलाय, थांबू या का?"

१७ ऑगस्टला उलटा धडा मिळाला. पाकिटात ट्रोल नावाचा राक्षस. ८४ हिट पॉइंट, आणि आग किंवा अॅसिड लागलं नाही तर दर पाळीला १० भरून येतात. मावसभावाचा आत्मविश्वास आता वाढलेला, त्यानं चार वेळा स्टनिंग स्ट्राइक टाकला आणि चारही फुकट गेले. नशीब म्हणून सोडून देता आलं असतं, पण रात्री आकडेमोड केली. ट्रोलला कॉन्स्टिट्यूशनवर अधिक ५, म्हणजे फटका लागल्यावरही स्टन बसण्याची शक्यता ४० टक्के. डेक्स्टेरिटीवर मात्र त्याला अधिक १ च आहे. चंडोल ओपन हँड परंपरेचा, त्याच्या फ्लरीतला ठोसा लागला की समोरच्याला डेक्स्टेरिटीवर तगावं लागतं, नाहीतर तो आडवा. दोन ठोशांत मिळून ट्रोल पडण्याची शक्यता ६३ टक्के येते, एकाच कीमध्ये, वर मार वेगळा. आडव्या पडलेल्यावर जवळून हल्ला करणाऱ्याला, म्हणजे काकांना, अॅडव्हान्टेज. मला मात्र लांबून बाण मारायला डिसअॅडव्हान्टेज, म्हणून अशा वेळी मी दुसरा शत्रू बघायचा. जादूगाराला स्टन, ट्रोलला आडवं पाडणं. एवढी एक ओळ मावसभावानं शीटच्या मागे लिहून ठेवलीय.

२४ ऑगस्टला पोळ्यासाठी दोघं गावी गेलेले, ३१ ला आमच्याकडे महालक्ष्म्या बसल्या. दहावा आणि शेवटचा खेळ ७ सप्टेंबरला झाला. त्यात विशेष काही घडलं नाही, आणि मला त्याचंच समाधान होतं. चंडोल गेला, तिरंदाजाची एक पाळी बुडवली, परत आला, पुन्हा गेला.

१४ सप्टेंबरला घरी बसून दोन पानांचं टिपण वाचलं. डीएमनं ऐकून घेतलं, मधे मधे वही मागून ओळी पडताळल्या. त्याचा निर्णय असा झाला की मंकला काहीही वाढवून द्यायचं नाही. कथेतल्या दिवसात दोन शॉर्ट रेस्ट मिळतील अशी वेळ तो ठेवणार, आणि मोठी एकच लढाई असेल तेव्हा आधी सांगणार. मावसभावानं २०२४ च्या नव्या नियमांचा विषय काढला. त्यात कीला फोकस पॉइंट म्हणतात, पाचव्या लेव्हलला ठोशाचा फासा डी-८ होतो आणि की न खर्चता बोनस अॅक्शननं डिसएंगेज करता येतं, म्हणजे परत येणं फुकट. उलट स्टनिंग स्ट्राइक पाळीत एकदाच. ही मोहीम जुन्या नियमांनी संपवायची आणि पुढची नव्यानं सुरू करायची, असं ठरलं. मला स्वतःला परत यायला की मोजावी लागते तेच आवडतं, पण ते माझं झालं.

हॉलचे दहा रविवारांचे २००० रुपये धरून एकूण खर्च २७९० झाला, पाच जणांत प्रत्येकी ५५८. अनामत १६ सप्टेंबरला परत मिळाली. त्यासाठी मूळ पावती लागते, फोटो चालत नाही.

त्यानंतरच्या रविवारी चंडोल सहाव्या लेव्हलला गेला. की सहा झाल्या. मी डब्यात चिंचोका शोधत होते तोवर मावसभावानं खिशातून एक काढून बाकीच्या पाचांशेजारी ठेवला. घरूनच घासून, पुसून आणला होता.